डबीवर न लिहिलेलं

डब्यांवर नावं लिहायची सवय सुगंधाला माहेरापासूनची. गुहागरजवळच्या त्या घरात फळीवर बरण्यांची रांग होती: आमसुलं, तिरफळं, कुळथाचं पीठ, सांडगे. तिचं अक्षर वळणदार, म्हणून चिठ्ठ्या लिहून खळीने चिकटवायचं काम सातव्या वर्षीच तिच्याकडे आलं. मिठाच्या बरणीला तेवढी चिठ्ठी नसे. तिने एकदा आईला विचारलं, तर आई म्हणाली, "मिठाचं काय लिहायचं? ते सगळ्यात असतंच."

लग्न होऊन ती भाईंदरला आली. खारी गावाला लागून उभ्या राहिलेल्या एका चार मजली इमारतीत, तळमजल्यावर दोन खोल्या. नवरा दिपेश स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामावर होता. मुलगा शाळेत रुळल्यावर तिने पार्लरचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि पुढच्या खोलीत एक मोठा आरसा, एक फिरती खुर्ची आणि फुलाफुलांचा पडदा लावून 'सुगंधा ब्युटी पार्लर' सुरू केलं. हात हलका, बोलणं गोड. गुजराती बाईशी मोडक्यातोडक्या गुजरातीत, भय्याणीशी हिंदीत आणि रत्नागिरीकडची कोणी निघाली तर थेट गावच्या बोलीत. भुवया कोरताना डोळ्यांत पाणी येणार नाही अशी तिची ख्याती होती.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला सगळ्यांना एकच वेड लागलं होतं. केमिकल नको. हर्बल पाहिजे, आयुर्वेदिक पाहिजे, आणि ज्या जरा शिकलेल्या होत्या त्यांना ऑर्गॅनिक पाहिजे. दारातल्या कुंडीत कोरफड होतीच. सुगंधाने कोरफडीचा गर काढला, त्यात गुलाबपाणी, बदामाचं तेल, चिमूटभर हळद आणि केशराच्या चार काड्या घालून घोटलं आणि डब्यांत भरून विकायला ठेवलं. डबीवर स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी: "केशर, हळद, कोरफड, बदाम तेल, गुलाबपाणी. घरगुती. केमिकल नाही."

क्रीम चांगलं होतं, पण लावून काही होत नव्हतं. बायका एक डबी नेत आणि परत येत नसत.

केबिन रोडवरच्या ज्या दुकानातून ती पार्लरचं सामान आणी, तिथल्या काउंटरवरच्या बाईपाशी तिने एकदा हे गाऱ्हाणं मांडलं. बाईने खालच्या खणातून निळ्या पट्ट्याची एक लहान ट्यूब काढली. "खाली एलोवेरा से कौन गोरा होता है? ये एक ट्यूब मिलाओ पूरे पतीले में. सब पार्लरवाली मिलाती हैं. आठ दिन में रंग खुलेगा."

आणि रंग खुलला. आठ दिवसांत खुलला. मुरूम बसले, डाग पुसट झाले, बायका आपापल्या भावजयांना घेऊन यायला लागल्या. एकाची दोन पातेली झाली, पातेल्याला एकाच्या जागी दोन ट्यूबा झाल्या. चिठ्ठी मात्र तीच राहिली. ट्यूबचं नाव तिच्यावर घालावं असं सुगंधाच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण ती मनाशी म्हणाली, ते काय, मिठासारखं. थोडंसंच तर घालते.

ट्यूबचं खोकं ती लगेच चुरगाळून केरात टाकी. त्यावर खसखशीएवढ्या इंग्रजी अक्षरांत बरंच काही छापलेलं असे. सुगंधा दहावीपर्यंत शिकलेली होती. अडखळत का होईना, तिला इंग्रजी वाचता येत होतं. अगदी पहिल्या वेळी तिने खोकं उजेडात धरून वाचायला घेतलंही होतं. "टू बी सोल्ड" एवढं वाचलं, पुढे "प्रिस्क्रिप्शन" हा शब्द दिसला, आणि तिने खोकं उलटं केलं.

पुढे पुष्कळ दिवस तिला बाकी काही आठवो न आठवो, आपल्याच हाताची खोकं उलटं करण्याची ती हालचाल आठवत असे.

संचिता स्टेशनच्या पश्चिमेकडच्या राई गावची. खाडीकाठच्या जुन्या गावातलं घर, बापाची अजून थोडी शेती उरलेली. पोरगी बी. कॉम. होऊन एका ऑफिसात लागली होती. दोन हजार सहाच्या दिवाळीत ती पहिल्यांदा आली. रंगाने सावळी, चेहरा तरतरीत, हनुवटीवर दोन मुरूम. डबी हातात घेऊन तिने चिठ्ठी नीट वाचली आणि विचारलं, "ताई, नक्की केमिकल नाही ना? मला पटकन पुरळ येतं."

"वाच की. लिहिलंय त्यावर," सुगंधा म्हणाली.

माघात तिचं लग्न ठरलं. नवरा मुलगा वसईच्या बाजूचा. तारीख सहा मे, रविवार. पुढे अधिक महिना लागत होता, त्यामुळे ती तारीख हलणारी नव्हती. लग्न ठरल्यावर संचिता दिवसातून दोनदा क्रीम लावू लागली. महिन्याला एक डबी. मेकअपसाठीही तिने सुगंधालाच सांगून ठेवलं.

अठरा एप्रिलला, बुधवारी, ती आली ती तोंडाला ओढणी गुंडाळून. खुर्चीत बसून तिने ओढणी सोडली आणि सुगंधाच्या हातातला दोरा तसाच राहिला. गाल लाल, चकाकते, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे पातळ. त्यातून बारीक लाल रेषा दिसत होत्या. कानशिलावर आणि ओठांच्या वर मऊ काळी लव आली होती.

"उन्हात गेलं की आग होते, ताई. चुलीपुढे तर बसवतच नाही. आणि एक दिवस क्रीम लावलं नाही की अजूनच होते."

"उन्हाळा आहे ना," सुगंधा म्हणाली. "पण डॉक्टरला दाखव हां. उगाच अंगावर काढू नको."

तिने डॉक्टरकडे बोट दाखवलं आणि स्वतःकडचं बोट आखडून घेतलं.

संचिता दुसऱ्या दिवशी आईबरोबर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. तिथे काय झालं ते सुगंधाला सोमवारी कळलं, आणि ज्या तोंडून कळलं त्याची तिने कल्पनाही केली नव्हती.

सोमवारी अकराच्या सुमाराला पार्लरच्या दारात संचिताची आजी उभी होती. शेवंतीआजी. सत्तरीची, काटक, हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ. राईहून स्टेशनपर्यंत बस, मग पूल ओलांडून इकडे पायी. सुगंधाने तिला खुर्ची दिली, तर ती नको म्हणून खाली चटईवर टेकली.

"तूच काय गो सुगंधा?"

"हो आजी. पाणी देऊ?"

"दे. बाय, मी भांडाया न्हाय आले. एक इचाराया आले." तिने कमरेच्या पिशवीतून ती डबी काढली. "डाक्टरनं ह्यावरचा वाचलान. इचारलान, ह्यात दुसरा काय हाय काय? पोरीची आयस बोलली, न्हाय, लिवलंय तेवढाच. मंग तो बोलला, कोरफड सगल्यांना चालते, बादाम चालतो, म्हंजे हलद. हिला हलद सोसत न्हाय. सगला बंद करा आनि हलदीच्या दिवशी अंगाला हलद लावू नका."

सुगंधाने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"बंद केला तर तिसऱ्या दिशी तोंड अजून सुजला," आजी म्हणाली. "समदी बोलतात, हलद आत मुरलेय. आता सांग, नवरीला हलद न्हाय लावायची त लगीन कसला? वसईवाल्यांच्या कानावर गेलाय. त्यांची म्हातारी बोलली, हलद न सोसनारी पोर आमच्या घरान कवा आली न्हाय. तिच्या पायाचा गुन पुढं काय दिसंल तो दिसंल."

"असं कुठं असतं, आजी."

"तुमच्यात नसंल. आमच्यात असतंय." ती थोडी पुढे सरकली. "मना एवढाच सांग. तू ह्यात घालतेस ती हलद कुठची? बाजारची ना? बाजारच्या हलदीत रंग घालतात बोलतात. माज्याकडं घरची हाय. परसात लावलेली, मी सोता उकडून सुकवलेली. ती लावली त चालंल काय? तुज्याइतका ह्यातला कोनाला कलत न्हाय, संचिता बोलते."

ओठांवर आलेलं परत गिळायला माणसाला किती वेळ लागतो? सुगंधाला पाण्याचा तांब्या जरा डावीकडे सरकवण्याएवढा लागला.

"बाजारचीच होती," ती म्हणाली. "असेल भेसळ. पण डॉक्टर म्हणतात तर राहू दे आजी, रिस्क कशाला घ्या."

शेवंतीआजी पाणी पिऊन उठली. तिने डबी परत पिशवीत ठेवली. दारापर्यंत जाऊन म्हणाली, "जल्मात पयल्यांदा आयकला, हलदीनं कोनाचा वायट झाला."

त्या दिवशी सुगंधाने तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. डोकं दुखतंय म्हणाली.

नीलम त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. शिकलेली, फार्मसीचा डिप्लोमा केलेली, स्टेशनजवळच्या एका औषधाच्या दुकानात नोकरीला. बुधवारी सुट्टी. बुधवारी ती भुवया करायला खाली आली तेव्हा सुगंधाने खणातून ट्यूबचं एक न चुरगाळलेलं खोकं काढलं.

"नीलम, जरा वाचून दाखव गं. एका गिऱ्हाइकाने आणलंय."

नीलमने खोकं हातात घेतलं आणि वाचायच्या आधी फळीकडे बघितलं. "आधी ती डबी दे. ती हिरवी. कंपनीची हर्बल आहे ना, ती."

"ती कशाला?"

"दे तर. वाचायला शिकवते तुला. समोर काय दिसतंय?"

"कोरफडीचं पान."

"केवढं?"

"डबीएवढं."

"आता मागे फिरव. इथे यादी असते. जे सगळ्यात जास्त ते पहिलं, मग उतरत जायचं. वाच."

सुगंधाने बोट ठेवून अडखळत वाचलं. पहिलं पाणी. मग तीन अवघड नावं, मग मेण, मग वास. कोरफड शेवटून दुसरी.

"वासाच्याही नंतर," नीलम म्हणाली. "म्हणजे पान समोर आणि कोरफड नावाला. तरी ह्यांनी निदान मागे खरं लिहिलंय. आता तुझी डबी दे."

सुगंधाने दिली नाही. तिला तिची चिठ्ठी पाठ होती. केशर पहिलं लिहिलं होतं, कारण केशर दिसायला भारी. केशराच्या काड्या होत्या चार.

नीलमने मग खोकं वाचलं. आवाज न चढवता, औषध समजावून सांगतात तसं. "ह्यात तीन औषधं आहेत. एक रंग काढणारं. एक साल सोलणारं. आणि हे तिसरं आहे ना, हे स्टेरॉइड, तेही जोरकस. ह्याने लाली, खाज, मुरूम सगळं पटकन दबतं, म्हणून लोकांना वाटतं जादू झाली. चेहऱ्यावर लावलंच तर थोडे दिवस, तेही डॉक्टरच्या नजरेखाली. हे बघ, लिहिलंय: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, केस येतात, उन्हात जळजळतं."

"आणि एकदम बंद केलं तर?"

"तर चेहरा भडकतो. दुप्पट. म्हणून डॉक्टरला सांगावं लागतं की हे लावत होते, मग तो बेताने सोडवतो. नाही सांगितलं तर तो बिचारा भलत्याच गोष्टीला धरून बसेल."

सुगंधा पावडर लावलेला दोरा बोटांवर गुंडाळत राहिली.

"कोणाचं आहे म्हणालीस?" नीलमने विचारलं.

"गिऱ्हाइकाचं."

नीलम खुर्चीत मागे रेलली आणि तिने डोळे मिटून घेतले. "तुझ्या केराच्या बादलीत निळ्या पट्ट्याची सहा टोपणं आहेत, ताई. बरंच वापरतंय हो तुझं गिऱ्हाईक." आणि जराशाने, "कर भुवया. मला बाजारात जायचंय."

दिपेशला तिने जेवताना सांगितलं. तो आमटी ओरपता ओरपता थांबला. पहिल्यांदा तो हिशोबी माणसासारखं बोलला. "गप्प बस. तू आणि मी सोडून कोणाला माहीत आहे? नीलम बोलायची नाही. तू बोललीस तर उद्यापासून दारात कुत्रं येणार नाही. त्यात राईवाले. मांडव घालायचा सोडून इथे येऊन आरसा फोडतील."

"आरसा फोडला तर बरं वाटेल मला."

"मग घालत कशाला होतीस?"

"मला वाटलं थोडंच तर आहे. मिठासारखं."

दिपेशने ताट बाजूला सारलं. "अगं, मीठ जास्त झालं तर खाणाऱ्याला पहिल्या घासाला कळतं," तो म्हणाला. "तिला कुठून कळणार होतं?" आणि मग तो उठून हात धुवायला गेला. गप्प बस असं त्याने पुन्हा म्हटलं नाही.

शुक्रवारी सकाळी पार्लरला कुलूप लावून सुगंधा निघाली. पिशवीत खोकं, अर्धी पिळलेली ट्यूब आणि एक भरलेली डबी. स्टेशनचा पूल उतरून पश्चिमेला तिने बस धरली. वाटेत तिने तीनदा ठरवलं की आधी संचिताला एकटीला गाठून सांगायचं, हळू आवाजात. राईला उतरून घर विचारत गेली तर ओटीवर आठ-दहा बायका. मध्ये उखळ, दोघीजणी आलटून पालटून मुसळ घालत होत्या आणि हळकुंडांचा पिवळा धुरळा उडत होता. नवरीला लावायची नसली तरी मांडवाला, देवाला, करवल्यांना हळद लागणारच होती. कोणी गात नव्हतं, हे सुगंधाच्या लक्षात आलं. अशा कामाला गाणं असतं एवढं तिला ठाऊक होतं.

संचिता आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दारातून तिची पाठ दिसत होती.

"आलीस?" शेवंतीआजी म्हणाली. "बस. चा घे."

बसले तर चहा घ्यावा लागेल, चहा घेतला तर सांगता येणार नाही. सुगंधा उभीच राहिली. तिने खोकं काढलं.

"आजी, हळदीचं काही नाही. मी क्रीममध्ये हे घालत होते. औषध आहे. डबीवर लिहिलं नाही मी. हे मुद्दाम लपवलं. डॉक्टरांना माहीत असतं तर त्यांनी एकदम बंद केलं नसतं, आणि हळदीचं नावही काढलं नसतं. सोमवारी तुम्ही आलात तेव्हा मला सांगता आलं असतं. मी खोटं बोलले."

मुसळ थांबलं.

कोणीतरी म्हणालं, "हिच्या आयला, बघ काय थंड बोलते." दुसरी म्हणाली, "पोरगी बसली असती जल्मभर तोंड लपवून." संचिताची आई आतून आली, तिने खोकं हिसकावून घेतलं, उलटसुलट बघितलं, आणि वाचता येत नसल्यामुळे ते तसंच हातात धरून रडायला लागली. ते सुगंधाला शिव्यांपेक्षा जड गेलं.

मग संचिता दारात आली. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. तिने आईच्या हातातून खोकं घेतलं आणि उजेडात धरून, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत वाचलं. सगळ्या बायका ती वाचेपर्यंत थांबल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "दिवाळीत. तुम्ही म्हणालात, वाच की."

सुगंधाने मान हलवली. 

शेवंतीआजी उठली, तिने लुगड्याला हात पुसले. "आता पयला डाक्टर. चल तू पन. तुज्या तोंडानं सांग त्याला."

डॉक्टरांनी खोकं बघितलं, संचिताचा चेहरा पुन्हा बघितला, आणि सुगंधाकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "मला शंका आली होती. म्हणूनच विचारलं, ह्यात आणखी काय आहे. तुमची ती सुंदर अक्षरातली चिठ्ठी दाखवली ह्यांनी." ते रागावले नाहीत. त्यांनी औषध बदलून दिलं, हळूहळू उतरवत न्यायचं वेळापत्रक लिहून दिलं. चेहरा निवळायला सहा-आठ महिने लागतील, लव त्याहून उशिरा जाईल. लग्नात काही लपणार नाही, आणि लपवायला वरून काही थापूही नका.

"आनि हलद?" आजीने विचारलं.

"कोपराच्या आत जरा लावून बघा, दोन दिवस ठेवा. काही आलं नाही तर हातापायांना लावा. तोंडाला नको. तोंड सध्या जखमेसारखं आहे."

दोन दिवसांत कोपरावर काही आलं नाही. पिवळा डाग तेवढा राहिला.

हे कळवायला शेवंतीआजीने सोमवारी माणूस पाठवला आणि त्याच्याबरोबर एक निरोप. शनिवारी हळदीला ये. मेकअपला नाही, मेकअपवाली दुसरी ठरली आहे. वसईच्या बायका उष्टी हळद घेऊन येतील, नवऱ्याला लावून उरलेली, ती नवरीला लागते. त्या आल्या की मांडवात उभी राहून त्यांना सांग. हळदीला बोल तू लावलास, तो तूच काढ.

दिपेश म्हणाला, "मी येऊ का?"

"नको," सुगंधा म्हणाली. "तू आलास तर मी तुझ्यामागे उभी राहीन."

शनिवारी दुपार कलताना ती मांडवाच्या खांबापाशी उभी होती. साधी सुती साडी, तोंडाला पावडरसुद्धा नाही. पाटावर संचिता बसली होती, पिवळ्या साडीत, चेहरा उघडा. तो अजून लाल होता आणि बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाई. वसईच्या बायका आल्या, त्यांच्यात नवऱ्याची आजी पुढे. हातात झाकलेली वाटी.

शेवंतीआजीने नुसतं सुगंधाकडे बघितलं.

सुगंधा बोलली. बँजोवाल्यांनी वाजवणं थांबवलं होतं, त्यामुळे तिचा आवाज तिला हवा होता त्याहून मोठा गेला. पोरीला हळद सोसते. डॉक्टरने तपासून बघितलं. तिच्या तोंडाचं हे झालं ते माझ्या क्रीममुळे, त्यात मी न सांगता औषध घातलं. मुलीचा दोष नाही, हळदीचा नाही. एवढंच ती बोलली, पण दोनदा बोलावं लागलं, कारण वसईच्या म्हातारीला कमी ऐकू येत होतं.

म्हातारीने ऐकून घेतलं. "मंग त्वांड कवा बरा व्हनार?"

"दिवाळीपर्यंत," सुगंधा म्हणाली.

"आनि तू कोन?"

"पार्लरवाली."

"हां," म्हातारी म्हणाली, आणि तिने वाटीवरचं फडकं काढलं.

हळद चढली. पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत, हातांना कोपराच्या वरपर्यंत. कोणीतरी गाणं उचललं. चेहऱ्यापाशी सगळ्यांचे हात थांबत आणि मागे फिरत. शेवटी शेवंतीआजीने करंगळीचं टोक हळदीत बुडवलं, नातीचा कान जरा मुडपला आणि कानामागे, जिथे क्रीम कधी पोचलं नव्हतं, तिथे एक ठिपका टेकवला. संचिताने डोळे मिटले. तिने एकदाही खांबाकडे बघितलं नाही.

मग बायका एकमेकींना हळद फासू लागल्या. गाल, गळा, हात, जी सापडेल तिला. ओळखीची असो नसो. सुगंधाच्या आजूबाजूच्या सगळ्या पिवळ्या झाल्या आणि तिच्याभोवती हातभर जागा मोकळी राहिली. ते बरोबरच होतं. तिने चपला शोधल्या.

मांडवाच्या बाहेर कोणीतरी मागून तिचा दंड धरला. वसईकडचीच एक बाई, पस्तिशीची, गालाला हळद, काखेत पर्स. तिने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"ताई, तुमचं पार्लर कुठे म्हणालात? खारीला का?"

"का?"

"ते क्रीम. आहे का अजून एखादी डबी? माझी मुलगी जरा काळी आहे हो. ह्या नवरीचा आधीचा फोटो बघितलाय मी आणि साखरपुड्यातला बघितलाय. केवढा फरक. आम्ही थोडंच लावू, हिच्यासारखं नाही."

 मांडवात शंभर माणसांपुढे सुगंधा जे बोलली त्यातलं ह्या बाईने एवढंच नेलं होतं. घरी फळीवर सतरा डब्या होत्या. आणि विकल्या गेलेल्या किती, कुठकुठल्या घरांत, कुठकुठल्या आरशांपुढे ठेवलेल्या, ते तिने अजून मोजायलाही घेतलं नव्हतं. त्यातली प्रत्येक दाराशी जाऊन मागावी लागणार होती, आणि बऱ्याच बायका द्यायला तयार होणार नव्हत्या.

"तुमची मुलगी केवढी आहे?" तिने विचारलं.

"तेरावं लागलंय."

सुगंधाने चपला पुन्हा काढल्या. डॉक्टरांकडून परत घेतलेलं ते खोकं अजून पिशवीत होतं, कडा मऊ झालेल्या. तिने ते बाहेर काढलं, बाईला मांडवाच्या कडेला उजेडात नेलं आणि म्हणाली, "तुम्हाला इंग्रजी वाचता येतं? नाही? मग मी वाचते. अडखळेन जरा. पण सगळं वाचेपर्यंत जाऊ नका."

आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती वाचू लागली.